पदकं परत आली, पण...

गेल्या गॅदरिंगच्या वेळची गोष्ट. आमच्या लेडीज हॉस्टेलची रिले टीम फायनलला पोचली होती आणि नेमक्या त्याच सकाळी हॉस्टेलच्या लाडक्या कुत्र्याने माझ्या रूममेटचा उजव्या पायाचा बूट पळवला. बूट सापडला, पण तो बूट म्हणण्याच्या अवस्थेत नव्हता. शेवटी डाव्या पायात तिचा बूट, उजव्या पायात माझा, तोही एक नंबर मोठा आणि पुढे कापूस कोंबलेला, अशी ती धावली. आमचा तिसरा नंबर आला. बक्षीस देताना स्पोर्ट्सच्या सरांनी सगळ्यांसमोर तिला जिम थॉर्प अशी हाक मारली. सगळे हसले, आम्हीही हसलो, पण हा कोण ते कोणालाच माहीत नव्हतं. मला तर आधी वाटलं, सर व्यायामशाळेबद्दल काहीतरी बोलतायत.

नंतर लायब्ररीत बसून शोधलं. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये ऐन वेळी या जिमचे बूट चोरीला गेले आणि त्याने दोन वेगवेगळे, मापाने न जुळणारे बूट घालून स्पर्धा मारली, असं सांगतात. त्याचा तसा फोटोही आहे. दोन पायांत दोन तऱ्हा, मोजेसुद्धा वेगळे. बुटाची गोष्ट एवढीच. पण पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की या माणसाचं अख्खं लहानपण हॉस्टेलमध्ये गेलं होतं. आपण राहतो तसल्या नाही, फार वेगळ्या हॉस्टेलमध्ये. ती गोष्ट मला नीट सांगाविशी वाटली.

एक कबुली आधीच देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत एवढं मोठं मी पहिल्यांदाच लिहितेय. ऱ्हस्व-दीर्घ आजीने दिवाळीच्या सुट्टीत तपासून दिलेत. उरलेल्या चुका माझ्या.

जिमचा जन्म मे १८८७ मधला, आजच्या अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, प्राग नावाच्या गावाजवळ. तेव्हा ओक्लाहोमा हे राज्यच नव्हतं, ते १९०७ साली झालं. त्याआधी त्या मुलखाला इंडियन टेरिटरी म्हणायचे. ठिकठिकाणच्या मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनीवरून उठवायचं आणि इथे आणून बसवायचं, असा तो प्रदेश. आपण लहानपणी गोष्टींत ज्यांना रेड इंडियन म्हणायचो तेच हे लोक. आता तो शब्द अपमानाचा समजतात. जिमचे लोक सॅक अँड फॉक्स जमातीचे, मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या सरोवरांच्या बाजूचे. वडील हायरम थॉर्प अर्धे आयरिश वंशाचे, आई शार्लट पोटावाटोमी जमातीची. जमातीतलं जिमचं नाव वा-थो-हक. त्याचा अर्थ साधारण उजळलेली वाट असा होतो.

जिम एकटा जन्मला नव्हता. त्याला चार्ली नावाचा जुळा भाऊ होता. दोघं मिळून घोडे पकडायचे, नदीत डुंबायचे, वडिलांबरोबर शिकारीला जायचे. सहा-सात वर्षांचे झाल्यावर दोघांना जमातीच्या मुलांसाठी चालवलेल्या सरकारी निवासी शाळेत ठेवलं. घरापासून २३ मैल, म्हणजे सदतीस किलोमीटर. जिमचं अभ्यासात लक्ष नव्हतं. चार्ली शांत आणि समजूतदार, तो त्याला सांभाळून घ्यायचा.

या शाळा काय होत्या ते इथे थोडक्यात सांगायला हवं. नाहीतर आपल्या डोळ्यांसमोर साधं बोर्डिंग येईल.

१८७९ साली रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कार्लाइल गावात, लष्कराच्या जुन्या बराकीत, इंडियन मुलांसाठी निवासी शाळा काढली. प्रॅट स्वतःला या लोकांचा मित्रच समजायचा. अनेक गोऱ्या लोकांना ही माणसं मेलेलीच बरी वाटत होती. प्रॅटचं म्हणणं असं की मारायची गरज नाही, मुलाच्या आतला इंडियन तेवढा संपवला की चांगला माणूस उरतो. त्यासाठी मूल घरापासून जितकं लांब तितकं बरं. पहिल्या तुकडीची मुलं लकोटा जमातीची होती, डाकोटाच्या माळरानावरून आगगाडीने आणलेली.

आल्या आल्या केस कापायचे. लकोटा लोकांत घरात कोणी गेलं तरच केस कापतात. मुलांना वाटलं, आपलं कोणीतरी मेलंय. मग कपडे काढून गणवेश. मग नाव. फळ्यावर इंग्रजी नावांची यादी लिहिलेली असायची आणि हातात छडी देऊन एकावर बोट ठेवायला सांगायचे. जे लागेल ते नाव. पुढे प्रसिद्ध लेखक झालेल्या स्टँडिंग बेअर यांना ल्यूथर हे नाव असंच मिळालं, त्यावेळी त्यांना ते वाचताही येत नव्हतं. आपली भाषा बोलायची बंदी, बोललं तर शिक्षा. अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस काम. मुलांनी सुतारकाम, लोहारकाम, शेती करायची, मुलींनी धुणं, शिवण, स्वयंपाक. सगळं घंटेवर आणि रांगेत. फोटोग्राफर बोलावून प्रत्येकाचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढायचे आणि पैसे देणाऱ्यांना पाठवायचे. आपण प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये बिफोर आणि आफ्टर लावतो ना, तसंच. फक्त इथे प्रोजेक्ट म्हणजे मूल होतं.

कार्लाइलच्या नमुन्यावर देशभर शाळा निघाल्या. आईबाप मुलं द्यायला तयार नसतील तर त्यांचं रेशन बंद करायची परवानगी १८९३ साली अमेरिकेच्या संसदेने दिली. ज्यांची शिकारीची जमीन आधीच काढून घेतली होती त्यांचं रेशन बंद करायचं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

जिम आणि चार्ली नऊ वर्षांचे असताना शाळेत आजार पसरला. चार्लीला न्यूमोनिया झाला आणि तो गेला.

हे वाचलं तेव्हा मला मागच्या पावसाळ्यातली रात्र आठवली. आमच्या मजल्यावरच्या एका मुलीला एकशे चार ताप चढला होता. रात्री दोन वाजता रेक्टर मॅडम स्वतः रिक्षातून तिला घेऊन गेल्या, मेसच्या मावशी बरोबर गेल्या आणि सकाळी आठच्या आत तिचे आई-बाबा हजर होते. आम्ही रेक्टर मॅडमच्या शिट्टीला आणि साडेनऊच्या हजेरीला कितीही नावं ठेवली तरी ती रात्र मी विसरणार नाही. त्या शाळांत एका खोलीत दाटीवाटीने मुलं झोपायची, क्षय आणि न्यूमोनिया एकाकडून दुसऱ्याकडे जायचा आणि बरेचदा घरी कळायचं ते सगळं संपल्यावर. अमेरिकी सरकारच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या ४१७ शाळांची नोंद आहे आणि त्यांत निदान ९७३ मुलं मेल्याचं सरकारनेच मान्य केलंय. हा आकडा कमीत कमी आहे.

चार्ली गेल्यावर जिम शाळेत टिकेना. तो पळून घरी यायचा, वडील मारून परत नेऊन सोडायचे. एकदा वडिलांनी त्याला शाळेच्या दारात सोडलं आणि ते घोड्यावरून नेहमीच्या रस्त्याने घरी निघाले. जिमने आडवाटेचा अठरा मैलांचा रस्ता पकडला आणि वडील घरी पोचले तेव्हा तो आधीच येऊन उभा होता, अशी गोष्ट सांगतात. पुढे अख्ख्या जगाने ज्याचं धावणं पाहिलं तो माणूस पहिल्यांदा जोरात धावला तो घराकडे.

वडिलांनी ठरवलं की आता याला इतकं लांब पाठवायचं की वाटच सापडू नये. १८९८ मध्ये जिमची रवानगी कॅन्सस राज्यातल्या हॅस्केल या मोठ्या निवासी शाळेत झाली. घरापासून सुमारे तीनशे मैल. तिथे लष्करी शिस्त होती, पण एक चांगली गोष्टही होती. जिमने पहिल्यांदा अमेरिकन फुटबॉल पाहिला. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळायचा तो. एका मोठ्या खेळाडू विद्यार्थ्याने कातड्याच्या तुकड्यांत चिंध्या भरून या छोट्या मुलाला चेंडू करून दिला म्हणे. मग एक दिवस वडील शिकारीत जखमी झाल्याचं कळलं आणि जिम हॅस्केलमधूनही निघाला. बहुतेक वाट पायीच चालून दोन आठवड्यांनी घरी पोचला. वाट सापडलीच! वडील वाचले होते. पण त्यानंतर थोड्याच काळात आई बाळंतपणात गेली.

१९०४ मध्ये जिम कार्लाइलला आला. वय सोळा. आता घर हजार मैलांहून लांब. तो पोचून काही महिनेही झाले नव्हते तेवढ्यात वडील वारले. म्हणजे सतराव्या वर्षी जुळा भाऊ नाही, आई नाही, वडील नाहीत. पळून जायचं कुठे? त्याचं पळणं तिथे थांबलं.

शाळेने त्याला शिंपीकाम शिकायला घातलं. मग कार्लाइलच्या पद्धतीप्रमाणे गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी कामाला पाठवलं. त्याला आउटिंग म्हणायचे. नाव सहलीचं, काम गड्याचं. स्वयंपाकघर पुसायचं, शेतात राबायचं, मजुरी थोडीशी, त्यातलाही बराचसा भाग शाळेकडे जमा. जिम तिथूनही एकदा पळाला आणि शाळेत शिक्षा भोगली.

१९०७ च्या वसंतात तो मैदानाजवळून चालला होता. शाळेची मुलं उंच उडीचा सराव करत होती. आडवी काठी पाच फूट नऊ इंचांवर होती आणि कोणालाच जमत नव्हती. अंगात कामाचे ढगळ कपडे, पायात साधे बूट, तशाच अवस्थेत जिमने एकदा करून बघू का म्हणून विचारलं आणि उडी मारून पलीकडे गेला. दुसऱ्या दिवशी कोच ग्लेन वॉर्नर यांनी त्याला बोलावून घेतलं. जिमला वाटलं, आपलं काहीतरी चुकलंय.

इथून पुढची गोष्ट सिनेमासारखी आहे, म्हणून मी भराभर सांगते. १९११ मध्ये कार्लाइलच्या टीमने हार्वर्ड विद्यापीठाला १८-१५ असं हरवलं. जिमच्या पायाला दुखापत झाली होती, बँडेज बांधून तो खेळला आणि लाथेने चार वेळा चेंडू खांबांमधून पलीकडे मारला. नोव्हेंबर १९१२ मध्ये त्यांनी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीला २७-६ असं धुतलं. त्या हरलेल्या टीममध्ये ड्वाइट आयझेनहॉवर होता, पुढे जो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. हा सामना नुसता खेळ नव्हता हे लक्षात घ्या. अमेरिकी लष्कराने वुंडेड नी इथे शेकडो लकोटा माणसं, बायका-मुलांसकट, मारली त्याला तेव्हा बावीसच वर्षं झाली होती.

या दोन सामन्यांच्या मध्ये स्टॉकहोमचं ऑलिंपिक होऊन गेलं. जुलै १९१२. जिम पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन, म्हणजे पाच आणि दहा खेळप्रकारांच्या दोन्ही स्पर्धांत उतरला. पेंटॅथलॉनच्या पाचपैकी चार प्रकारांत तो पहिला आला. डेकॅथलॉनमध्ये ८,४१२ गुण मिळवून त्याने विश्वविक्रम केला. दुसरा आलेला स्वीडनचा ह्यूगो वीस्लांडर जवळजवळ सातशे गुणांनी मागे होता. दोन सुवर्णपदकं आणि स्वीडनच्या राजाच्या हातून सत्कार. परत आल्यावर न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून मिरवणूक निघाली.

त्याच ऑलिंपिकमध्ये कार्लाइलचा आणखी एक विद्यार्थी होता, लुई तेवानिमा. दहा हजार मीटर धावण्यात त्याला रौप्यपदक मिळालं. तो होपी जमातीचा. ॲरिझोनातल्या त्याच्या गावातल्या काही लोकांनी मुलांना सरकारी शाळेत पाठवायला नकार दिला होता. त्याबद्दल सरकारने त्यांना पकडलं आणि १९०७ मध्ये तेवानिमासारख्या तरुणांना जवळजवळ कैदी म्हणून कार्लाइलला आणून टाकलं. म्हणजे शाळेला विरोध केल्याची शिक्षा काय, तर शाळा! आणि त्याच कैद्याने अमेरिकेसाठी पदक आणलं. त्याची गोष्ट इथे ठेवून द्या, शेवटी लागेल.

आता मुख्य मुद्द्यावर येते. जानेवारी १९१३ मध्ये एका वर्तमानपत्राने बातमी छापली की जिमने १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलिनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. त्या काळी ऑलिंपिक फक्त हौशी खेळाडूंसाठी असायचं, खेळून एक पैसा घेतलेला चालायचा नाही. बातमी खरी होती. पण त्या काळात सुट्टीत असं खेळणारे कॉलेजचे कितीतरी खेळाडू होते. ते खोट्या नावाने खेळायचे. जिम स्वतःच्या खऱ्या नावाने खेळला, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे हेच त्याला माहीत नव्हतं. मिळालेले पैसेही फारसे नव्हते.

मग शाळेने काय केलं? वॉर्नर आणि शाळेचे सुपरिंटेंडेंट फ्रीडमन यांनी जाहीर केलं की आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. दोन वर्षं स्वतःचा सर्वांत चांगला खेळाडू कुठे गेला होता हे कोचला माहीत नव्हतं, यावर आज फारसं कोणी विश्वास ठेवत नाही. जिमच्या नावाने एक माफीचं पत्र तयार झालं. तो एक साधा इंडियन शाळकरी मुलगा होता आणि त्याला नियम कळत नव्हते, असा त्याचा सूर होता. पत्र तयार करण्यात वॉर्नर यांचा हात होता, सही जिमची. मिरवणुकीत त्याच्यामुळे अख्ख्या शाळेचं नाव झालं होतं, चूक मात्र त्याच्या एकट्याची ठरली. ऑलिंपिकच्या नियमाप्रमाणे हरकत स्पर्धेनंतर तीस दिवसांत घ्यायला हवी होती. इथे सहा महिने होऊन गेले होते. तो नियम कोणीच काढून दाखवला नाही. पदकं परत गेली, विक्रम खोडले गेले. वीस्लांडरकडे सुवर्णपदक आलं, पण खरा विजेता जिमच असं तो मानत राहिला.

कार्लाइलच्या दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांनी सह्या करून शाळेच्या कारभाराची चौकशी मागितली. १९१४ मध्ये संसदेची समिती आली. फुटबॉलच्या सामन्यांतून शाळेला भरपूर पैसा मिळायचा, तो कुठे जातो, मुलांना काय खायला मिळतं, मार किती मिळतो, हे सगळं बाहेर आलं. फ्रीडमन गेले, नंतर वॉर्नरही गेले. १९१८ मध्ये शाळा बंद झाली आणि जागा पुन्हा लष्कराकडे गेली.

जिम कार्लाइलमधून बाहेर पडला तो सरळ व्यावसायिक खेळात. बेसबॉलमध्ये न्यूयॉर्क जायंट्स, फुटबॉलमध्ये कँटन बुलडॉग्ज. १९२० मध्ये व्यावसायिक फुटबॉलची जी संघटना सुरू झाली, आजची एनएफएल, तिचा तो पहिला अध्यक्ष. कार्लाइलमध्येच भेटलेल्या आयव्हा मिलरशी त्याने लग्न केलं. पहिला मुलगा लहानपणीच गेला आणि त्या दुःखातून तो कधी पूर्ण सावरला नाही. १९२२-२३ मध्ये तो ओहायोतल्या एका टीमकडून खेळला. सगळे खेळाडू इंडियन, मालक कुत्र्यांचा व्यापारी. मध्यंतरात खेळाडूंनी पिसं लावून नाच करायचा आणि कुत्र्यांच्या कसरती दाखवायच्या, म्हणजे कुत्र्यांची जाहिरात होते. जिमने लहानपणी ज्या गोष्टी विसरून जाव्यात म्हणून शाळेने एवढा खटाटोप केला, त्याच आता तिकीट लावून करून दाखवायच्या होत्या.

वय झालं, खेळ सुटला, त्यात महामंदी आली. त्याने लॉस एंजेलिसमध्ये कुदळ घेऊन खड्डे खणले, सिनेमात किरकोळ कामं केली. १९३२ चं ऑलिंपिक त्याच शहरात झालं. जिमकडे तिकिटाला पैसे नाहीत अशी बातमी आल्यावर त्याला सन्मानाने आत बोलावण्यात आलं आणि सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं, असं वर्णन वाचायला मिळतं. दारूचं व्यसन होतं, संसार मोडले. मुलगी ग्रेस हिलाही पुढे हॅस्केलमध्येच शिकायला ठेवलं, ज्या शाळेतून तो स्वतः चालत घरी गेला होता. हे वाचून मला आधी राग आला. नंतर वाटलं, ज्याला घरात वाढायला मिळालंच नाही त्याने मुलांना घर द्यायचं शिकायचं कुठे?

१९५० मध्ये अमेरिकेतल्या पत्रकारांनी शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागातला सर्वांत मोठा खेळाडू म्हणून जिमला निवडलं. पुढच्या वर्षी त्याच्यावर सिनेमा आला, बर्ट लँकेस्टर हिरो. त्याच वर्षी ओठाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी जिमला धर्मादाय रुग्ण म्हणून दाखल व्हावं लागलं. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियातल्या एका ट्रेलरच्या घरात हार्ट अटॅकने तो गेला.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण ती संपत नाही. मुलांनी त्याला ओक्लाहोमात नेलं, जमातीच्या रिवाजाप्रमाणे विधी सुरू झाले. ते पूर्ण होण्याआधीच त्याची तिसरी बायको आली आणि पार्थिव घेऊन गेली. राज्याकडून स्मारकासाठी पैसे मिळेनात, तेव्हा तिने पेनसिल्व्हेनियातल्या दोन छोट्या गावांशी करार केला. त्यांना पर्यटक हवे होते. गावं एक झाली, १९५४ मध्ये नाव बदलून जिम थॉर्प केलं आणि जिमला तिथे पुरलं. हयातीत त्या गावाशी त्याचा काही संबंध नव्हता.

पदकांसाठी मुलांनी आणि चाहत्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्या तीस दिवसांच्या नियमाचा कागद अखेर कोणीतरी काढून दाखवला. १९८२ मध्ये ऑलिंपिक समितीने जिमला संयुक्त विजेता मानलं आणि १९८३ मध्ये पदकांच्या प्रतिकृती मुलांना दिल्या. मूळ पदकं तोवर संग्रहालयांतून चोरीला गेली होती. जुलै २०२२ मध्ये, म्हणजे बरोबर ११० वर्षांनी, तो एकमेव विजेता असल्याचं जाहीर झालं. २०२४ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मानही त्याला देण्यात आला.

पण घरी मात्र त्याला जाता आलं नाही. २०१० मध्ये त्याचा मुलगा जॅक याने वडिलांचे अवशेष ओक्लाहोमात आणण्यासाठी खटला घातला. जॅक २०११ मध्ये वारला, भावांनी आणि जमातीने खटला पुढे चालवला. २०१३ मध्ये ते जिंकले, २०१४ मध्ये वरच्या कोर्टात हरले आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. लहानपणी आडवाटेने पळत वडिलांच्या आधी घरी पोचणारा मुलगा अजून पेनसिल्व्हेनियातच आहे. कार्लाइलच्याच राज्यात.

आणि तेवानिमा? तो १९१२ मध्येच आपल्या गावी परत गेला. मेंढ्या राखल्या, मका पिकवला, जमातीचे सण-विधी सांभाळले आणि १९६९ मध्ये आपल्या माणसांत म्हातारा होऊन गेला. कोण जास्त यशस्वी, असं मला कोणी विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही.

जिमने स्वतः कार्लाइलचा राग धरल्याचं दिसत नाही, उलट त्याला शाळेचा अभिमानच होता. मित्र तिथे मिळाले, खेळ तिथे मिळाला. हेही खरं आहे आणि ते लपवून लेख लिहिणं बरोबर नाही. शाळेने काहीच दिलं नाही असं नाही. पण जे दिलं त्याची किंमत म्हणून मुलाकडून घर मागून घेतलं, आणि ती किंमत देणार का असं मुलाला कोणी विचारलं नाही. कार्लाइलच्या दफनभूमीत पावणेदोनशेहून जास्त मुलं पुरली होती. २०१७ पासून त्यांतल्या काहींचे अवशेष त्यांच्या जमातींकडे परत जायला लागलेत. २०२१ मध्ये लकोटांची नऊ मुलं रोजबडला परत गेली, जवळजवळ एकशे चाळीस वर्षांनी. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी या शाळांबद्दल जाहीर माफी मागितली.

हे सगळं आपल्या मॅगझिनमध्ये कशाला, असं कोणी विचारेल. माझ्या शाळेत मराठी बोललं तर एक रुपया दंड होता. मी बरेच रुपये भरलेत. त्याची आणि कार्लाइलची बरोबरी अजिबात करायची नाही. मी रोज संध्याकाळी घरी जायचे आणि आजीशी दंडाशिवाय बोलायचे. पण त्या एका रुपयामुळे माझ्या मनात पक्कं बसलं होतं की शाळेची भाषा हुशारांची आणि आजीची भाषा घरी ठेवून यायची. हे चुकीचं आहे हे कळायला मला इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष उजाडावं लागलं. आपल्या राज्यातही आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा आहेत. त्यांचा हेतू वेगळा आहे, काळही वेगळा आहे. पण कुठल्याही हॉस्टेलला एक प्रश्न विचारायला हरकत नाही. इथून शिकून मूल घरी गेलं तर ते घरच्यांशी बोलू शकेल ना? घरी जायची वाट शिल्लक राहिली ना?

आपल्या हॉस्टेलमध्ये निदान ती वाट आहे. दिवाळीच्या आधी तिकिटांसाठी जी मारामारी होते तीच त्याचा पुरावा. या दिवाळीत आजीने हा लेख वाचला, चष्मा वर करून वेलांट्या सुधारल्या आणि चार्लीच्या जागी थांबून बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मला विचारलं की त्याच्या आईला कोणी सांगितलं. मला सांगता आलं नाही.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल